सोबतीच्या माणसाची तरतूद

अंदाजपत्रकाला कापणारा लागतो. मागणारा कोणीही असतो. मागणे हा माणसाचा श्वासोच्छ्वासच आहे. पण मागितल्यातले थोडे नाकारणारे कोणी समोर नसेल, तर मागण्याला वजन येत नाही. कोरड्या विहिरीत हाक मारावी आणि आपलाच आवाज थोडा घोगरा होऊन वर यावा, तसे काहीसे होते. हे तत्त्व मला कचेरीच्या अंदाजपत्रक शाखेत उमेदवारी करतानाच कळले होते. ते घरालाही लागू पडते, हे मात्र मोटारसायकलींच्या शर्यतीत उतरेपर्यंत कळले नाही.

आमच्या साहेबांना सारी कचेरी कात्रीसाहेब म्हणते. समोर येईल त्या आकड्यातला चौथा हिस्सा ते लाल पेन्सिलीने उडवतात. वाचून नव्हे, श्रद्धेने. तो उडणार हे धरून आम्ही आकडा आधीच फुगवतो. आम्ही फुगवणार हे त्यांना ठाऊक, ते उडवणार हे आम्हाला ठाऊक. एवढ्या निखळ परस्परविश्वासावर उभी असलेली दुसरी संस्था माझ्या पाहण्यात नाही. शाखेचा दुसरा धर्म असा, की मंजूर झालेली रक्कम वर्षाखेरीस शिल्लक राहता कामा नये. अखर्चित तरतूद म्हणजे शाखेच्या कपाळावरचा डाग. हा डाग टाळण्यासाठी आम्ही एकदा इतक्या टाचण्या खरेदी केल्या, की आमच्या मागून येणाऱ्यांना कागद कमी पडतील, टाचण्या पडणार नाहीत.

घरची कात्री पत्नीच्या हाती होती. मी दोन सदऱ्यांची इच्छा धरावी, तिने कपाटाकडे न पाहता "एक" म्हणावे, आणि मला मनातून एकच हवा असल्यामुळे दोघांनी समाधानाने झोपी जावे, असा आमचा संसार. मग लेकीच्या बाळंतपणासाठी ती लेकीच्या गावी गेली. दोन महिन्यांसाठी म्हणून गेलेली ती, नातू आता खुर्चीवर चढून दिव्यांची बटणे दाबतो तरी, तिथेच आहे. भांडण वगैरे काही झाले नाही. भांडण असते तर मिटवता आले असते. लेकीची नोकरी, नातवाचा खोकला, जावयाची फिरती. प्रत्येक कारण इतके रास्त, की कात्री लावायला जागा नाही. रोज संध्याकाळी फोन येतो.

"दूध घेतलं?"

"घेतलं."

"गॅस बंद केलात?"

"केला."

"बरं, ठेवते मग. हा फोन ओढतोय."

'हा' म्हणजे नातू. फोन ठेवल्यावर घरात अशी शांतता पसरते, की फ्रिजची घरघर थांबली तरी कोणी उठून गेल्यासारखे वाटते.

अशाच एका संध्याकाळी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर जाहिरात दिसली. हौशी मोटारसायकलस्वारांच्या शर्यतींचा हंगाम. सहा रविवार, सहा शर्यती. स्थळ, शहराबाहेरची वापरात नसलेली धावपट्टी. आणि खाली बारीक अक्षरांत, 'वयाची अट नाही'. बऱ्याच काळात माझ्या वाट्याला आलेले हे पहिलेच वाक्य, ज्यात वय माझ्या विरुद्ध साक्ष देत नव्हते. मला वेगाचे वेड होते असे कोणी समजू नये. कचेरी आणि घर यांच्यामध्ये मी मोटारसायकल अशा गतीने चालवतो, की सायकलवाले मला पत्ता विचारत बाजूबाजूने येतात. पण सहा रविवार. पुढच्या सहा रविवारी कुठेतरी, कुठल्याशा यादीत, माझी वाट पाहिली जाणार होती. तेवढ्या एका कल्पनेने मी कागद पुढे ओढला.

प्रवेशशुल्क, परवाना, विमा, वाहन, टायर, पेट्रोल व वंगण, चामडी पोशाख, हेल्मेट, टेंपोभाडे, संकीर्ण. हात सवयीने आकडे फुगवत गेला. बेरीज झाली तेव्हा मी दचकून मागे पाहिले. मागे पेन्सिल घेऊन कोणी उभे नव्हते. आपणच मागायचे आणि आपणच नाकारायचे, हाही प्रयोग मी करून पाहिला. पण तो स्वतःला गुदगुल्या करण्यासारखा आहे. बोटे हलतात, हसू येत नाही. दोन आकडे खोडले, लगेच त्यांची दया आली, पुन्हा लिहिले. अखेर ते फुगलेले अंदाजपत्रक जसेच्या तसे कायम राहिले, आणि बँकेतली ठेव मुदतीआधीच माघारी बोलवावी लागली.

मोटारसायकल जुनीच घेतली. विकणाऱ्या तरुणाचे लग्न ठरले होते आणि भावी सासऱ्यांनी दोहोंपैकी एक निवडायला सांगितले होते. किल्ली देताना त्याने टाकीवरून एकदा हात फिरवला.

"काका, हिला नुसती ठेवू नका. आठवड्यातून एकदा तरी सुरू करायची. एका जागी बसून राहिली की बिघडते."

"समजतं मला," मी म्हणालो. त्याला वाटले, मला मोटारसायकलींतले समजते.

शर्यतीच्या मोटारसायकलीला दिवा नसतो, आरसा नसतो, हॉर्न नसतो. पुढचे दिसायची सोय नाही, मागचे पाहायची मुभा नाही आणि ओरडून सांगण्याचे साधनही नाही. मध्यमवयाला इतके शोभणारे वाहन दुसरे नसेल. पण तिला नंबरही नसतो, आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी नेमके त्याच ठिकाणी येऊन थांबले.

"पार्किंग वाहनांसाठी आहे," ते म्हणाले. "वाहन म्हणजे नंबर असलेलं."

"मग हे काय आहे?"

"ते तुम्ही ठरवा. वाहन असेल तर नंबर दाखवा. भंगार असेल तर उचला."

"आणि सामान असेल तर?"

"सामान आपापल्या घरात ठेवायचं असतं."

मानी माणसे असेच फसतात. मी ते सामान घरात न्यायचे ठरवले. लिफ्टमध्ये मोटारसायकल आडवी मावत नाही. मागच्या चाकावर उभी केली की मावते, मात्र तिला कोणीतरी घट्ट धरून ठेवावे लागते. मी तिला छातीशी कवटाळून बटण दाबले. दुसरा मजला गेला, तिसरा येणार, तेवढ्यात लिफ्टने एक उसासा टाकला आणि ती थांबली. वरच्या फटीतून समोरच्या घरातले निवृत्त बँक मॅनेजर, म्हणजे त्यांच्या चपला, दिसू लागल्या.

"आत कोण आहे?"

"मी."

"मी म्हणजे?"

"तुमच्या समोरचा."

"एकटेच आहात का?"

या प्रश्नाचे उत्तर मला जरा विचार करून द्यावे लागले. "मोटारसायकल आहे बरोबर."

चपला थोड्या मागे सरकल्या. "पेट्रोल काढलंय ना?"

"काढलंय."

"मग काही नाही. हँडल डावीकडे घ्या. तुमच्या नव्हे, माझ्या डावीकडे."

चपलांच्या शेजारी दुसऱ्या, लहान चपला आल्या, मॅनेजरांच्या पत्नीच्या. "भावोजी, पाणी देऊ का? पण देणार कुठून? वहिनी असत्या तर हे झालं नसतं बाई."

"वहिनी असत्या तर वजन वाढलं असतं," मॅनेजर म्हणाले. "लिफ्ट पहिल्याच मजल्यावर अडकली असती. खाली उतरायला सोपं."

खालून सेक्रेटरींचा आवाज आला, की लिफ्ट फक्त माणसांसाठी असल्याची पाटी त्यांनी स्वतः लावली आहे आणि ती वाचता येत नसेल तर चष्म्याचा नंबर तपासावा. लिफ्टवाला येईपर्यंत दुपार कलली. मी मिठी सोडू शकत नव्हतो. सोडली असती तर ती माझ्या अंगावर आली असती. धातू हळूहळू माझ्या अंगाइतकाच कोमट झाला. कोणाला इतका वेळ धरून उभे राहण्याचा प्रसंग अलीकडे आलेला नव्हता, हे मला तिथे, दोन मजल्यांच्या मध्ये, लक्षात आले. आणि ते लक्षात आल्याचा मला राग आला.

मोटारसायकल दिवाणखान्यात खिडकीशी उभी राहिली, पत्नीच्या खुर्चीच्या समोर. खुर्ची मी हलवली नव्हती. दोघी एकमेकींकडे पाहत असल्यासारख्या दिसत, आणि संध्याकाळी कचेरीतून आल्यावर आपण त्यांच्या बोलण्यात व्यत्यय आणला की काय, असे मला वाटे.

विकणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे पुढच्याच रविवारी, थोडे पेट्रोल पुन्हा घालून, मी ती दिवाणखान्यातच सुरू केली. स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या ताटल्या एकमेकींवर वाजू लागल्या, पडदा बाहेरच्या दिशेने फुगला आणि वरच्या मजल्यावरचे डॉक्टर गळ्यात नळी अडकवून धावत खाली आले. त्यांना वाटले सिलिंडर गेला. दार उघडून त्यांनी धुरात उभा असलेला मी पाहिला.

"बरं झालं आलात," मी म्हणालो. "एक प्रमाणपत्र हवं होतं. शर्यतीस योग्य असल्याचं."

"आधी जिन्यास योग्य आहात का ते बघू."

त्यांनी मला जिन्यावरून वरखाली पळवले. इमारतीतली झाडून सारी दारे उघडली. मी खाली जाताना मॅनेजर म्हणाले, या पैशांची ठेव केली असती तर व्याज तरी आले असते. वर येताना त्यांच्या पत्नी म्हणाल्या, करमत नसेल तर कुंड्या लावा भावोजी, झाडंसुद्धा बोलतात म्हणे. सेक्रेटरींनी कठड्यावर हात न ठेवण्याची सूचना केली, कारण रंग ओला होता. तोवर मी ठेवलेला होता. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगून सही केली. हिरवा तळहात घेऊन मी घरी परतलो. आपल्याला सल्ला देणारी माणसे आपल्यावर किती माया करतात, आणि ती माया दारातच कशी संपते, याचा विचार करत मी हात धूत राहिलो. रंग गेला नाही.

मग विम्याचा एजंट आला. तो अतिशय सौम्य गृहस्थ होता. अपघात, अपंगत्व, मृत्यू हे शब्द तो लहान मुलांची नावे घ्यावीत तसे घेई.

"काही बरंवाईट झालं तर कळवायचं कोणाला, साहेब?"

मी पत्नीचा नंबर दिला. "नुसता लिहून ठेवा. फोन करू नका. ती काळजी करते."

"नाही नाही," तो म्हणाला, आणि मान अशी हलवली की तिचा अर्थ दोन्हीकडे लागावा.

घरी हे सगळे मी का सांगितले नव्हते, असे कोणी विचारील. सांगायचे रोजच ठरवत होतो. पण दूध आणि गॅस यांच्या मध्ये मोटारसायकल नेमकी कुठे बसवावी ते सुचत नसे, आणि सुचेपर्यंत नातू फोन ओढत असे.

शर्यती भरवणाऱ्या क्लबचा कार्यवाह व्यवसायाने फरशीवाला होता. दुकानात, कुठेच न जोडलेल्या बेसिनांच्या रांगेत बसून त्याने माझे कागद तपासले.

"सगळं व्यवस्थित आहे. माणूस कोण?"

"कसला माणूस?"

"भिंतीशी उभा राहणारा. प्रत्येक स्वाराचा एक माणूस ट्रॅकच्या भिंतीशी उभा असतो, हातात पाटी घेऊन. तुम्ही समोरून गेलात की कितवी फेरी ते दाखवायचं. माणूस नसेल तर गाडी लाइनवर घेऊ देत नाही आम्ही."

"पाटी टांगून ठेवली तर?"

"पाटीचं काय हो, पाटी कुठेही मिळेल." त्याने कागद खाली ठेवले. "एखाद्या फेरीला तुम्ही आला नाहीत, तर हा अजून आला नाही, हे कोणाच्या तरी लक्षात यायला नको का?"

मी शेजारच्या बेसिनाचा नळ फिरवून पाहिला. मग विचारले, "भाड्याने मिळतो?"

"एक आहे. पण तो एकाच वेळी चौघांच्या पाट्या धरतो. तुमच्या वेळेला दुसऱ्याची वर व्हायची. आपला माणूस बघा ना कोणी. घरातलं कोणी नाही?"

"आहेत की," मी म्हणालो. "बाहेरगावी असतात."

मी माणूस शोधायला निघालो. मॅनेजर म्हणाले, आनंदाने आलो असतो, पण रविवारी ते वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. डॉक्टर म्हणाले, "मी तुमच्याजवळ उभा दिसलो तर लोकांना वाटेल तुम्हाला काहीतरी झालंय." सेक्रेटरी यायला तयार होते, पण पदाधिकारी म्हणून, आणि त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव लागणार होता. कचेरीत शेजारच्या टेबलावरचा सहकारी मात्र खरोखर विचारात पडला.

"रविवार म्हणजे घरच्यांचा असतो ना," तो अखेर म्हणाला, आणि लगेच ओशाळून त्याने मला आपल्या डब्यातले अर्धे देऊ केले.

तेव्हा मी सुधारित अंदाजपत्रक केले. त्यात एक नवे शीर्ष घातले: 'सोबतीचा माणूस (एक)'. चौघांत वाटून नव्हे, सबंध माझाच असा माणूस सहा रविवारांसाठी भाड्याने घ्यायचा, तर काय पडेल याची चौकशी करून रक्कम मांडली आणि सवयीने ती फुगवली. कागद मधल्या सुट्टीत कचेरीतच टाइप केला. खाली हात आपोआप लिहून गेला, 'मंजुरीस्तव सविनय सादर'. मी हात धुवायला गेलो. आमच्या शिपायाचा नेम असा आहे, की टेबलावर 'सविनय' दिसले की तो कागद साहेबांकडे न्यायचा. मी परत आलो तेव्हा टेबल स्वच्छ होते.

दुपारी बोलावणे आले. कात्रीसाहेबांच्या पुढ्यात माझा कागद होता, आणि तो लाल झालेला होता.

"हे कुठल्या विभागाचं?"

सांगण्याजोगा विभाग नव्हता. "माझं आहे, साहेब. घरचं. चुकून आलं."

"शर्यत?"

"हो."

"मोटारसायकलची?"

"हौशी, साहेब."

'हौशी' ऐकून त्यांनी मान हलवली. गुन्ह्याचे कलम जरा सौम्य झाल्यासारखे. मग ते एकेका शीर्षावरून पेन्सिल फिरवत बोलू लागले. "टायर दोन जोड मागितलेत. दीड केलेत."

"दीड जोड, साहेब?"

"मागचे दोन, पुढचा एक. जोर मागच्यावर पडतो ना? पेट्रोल चौथाई कमी. टेंपो चौथाई कमी."

मला लाज वाटायला हवी होती. पण खरे सांगायचे, तर त्या लाल रेघा पाहून माझा ऊर भरून आला. किती दिवसांनी कोणीतरी मला 'इतकं कशाला' असे विचारत होते.

पेन्सिल शेवटच्या ओळीशी थांबली. "हा दर कशावरून धरलात?"

"बाजारभावाने, साहेब."

"बाजारात मिळतो?"

"मिळतो म्हणतात. पण चौघांत एक."

कात्रीसाहेब खिडकीकडे पाहत राहिले. खिडकीबाहेर पाण्याची टाकी होती, तिच्यात पाहण्यासारखे काही नव्हते. "इतकी वर्षं या खुर्चीवर आहे," ते म्हणाले. "या शीर्षाखाली मागणी कधी आली नाही." आणि मग जरा कडकपणे, "यातलं काही कापलेलं नाही मी. काय कापायचं ते कळेना. आवश्यकता स्पष्ट करून द्या."

समासात तसा शेराही होता: 'आवश्यकता स्पष्ट करावी.'

आवश्यकता स्पष्ट करण्यात माझा हातखंडा आहे. मी टाचण्यांची आवश्यकता स्पष्ट केली आहे. कपाटांच्या किल्ल्या ठेवण्यासाठी कपाट का हवे, हे मी दोन पृष्ठांत सिद्ध केले आहे, आणि ते कपाट आजही आमच्याकडे आहे. त्याची किल्ली मात्र सापडत नाही. म्हणून घरी येऊन मी मोटारसायकलीच्या सीटवर कागद ठेवला आणि सुरुवात केली. 'नियमानुसार आवश्यक' असे लिहिले; ते फार कोरडे वाटले. 'सुरक्षिततेच्या दृष्टीने' लिहिले. ते वाळूच्या बादल्यांसाठी वापरून झाले होते. मग लिहिले, 'प्रस्तुत स्वार एखाद्या फेरीअंती परत न आल्यास, तो आला नाही ही बाब कोणाच्या तरी निदर्शनास यावी म्हणून.' मसुदा मोठ्याने वाचून पाहण्याची मला सवय आहे. मी वाचला. मोटारसायकल होती, समोर खुर्ची होती, दोघी ऐकत होत्या. पुढचे वाक्य येईना.

तेवढ्यात फोन वाजला.

"दूध घेतलं?"

"घेतलं."

"गॅस?"

"बंद आहे."

"बरं." पण तिने 'ठेवते' म्हटले नाही. पलीकडे नातू कुठलेसे झाकण वाजवत होता. "हेल्मेट कसलं घेतलंत?" तिने विचारले.

मी सीटवरचा कागद उगीचच उलटा केला. "कोणी सांगितलं तुला?"

"विम्याचा माणूस. तुम्हाला काही झालं तर मला कळवणार आहे म्हणाला. फार अदबीनं बोलत होता हो."

"मग तू काही बोलली नाहीस."

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. तुम्ही आपले रोज, दूध घेतलं."

"घेतच होतो."

"ते कळलं." झाकण वाजायचे थांबले, तिने काढून घेतले असावे. "वाचा."

"काय?"

"कागद केला असेलच की तुम्ही. वाचा."

साहेबांकडून परत आलेला लाल कागद काढून मी वाचू लागलो. साहेबांनी कापून झालेल्या आकड्यांतून ती आणखी कापत होती. हातमोजे दोन जोड म्हणताच "एक" म्हणाली. संकीर्ण म्हणजे काय, असे तिने विचारले. मी सांगितले, आधी न सुचणारा खर्च. "मग सुचल्यावर बघू. काढा." चामड्याचा पोशाख कशाला, असेही विचारलेच.

"पडलो तर म्हणून."

"तो राहू दे. चांगल्यातला घ्या."

मग मी शेवटची ओळ वाचली. भिंत, पाटी, फेरी, सारे तिला समजावून सांगितले. ती ऐकत होती.

"म्हणजे नुसतं उभं राहायचं?"

"पाटी धरून."

"नुसतं उभं राहायचे एवढे पैसे? काढून टाका."

"अगं, नियम आहे. माणूस लागतोच."

"ते ऐकलं मी. काढून टाका म्हणतेय ना. पहिल्या शर्यतीला मी येते. याला पोरीच्या सासूबाई बघतील चार दिवस." मग मला पेन्सिल शोधायला वेळ देत असल्यासारखी ती थांबली. "प्रवासात एक तिकीट धरा."

मी ते शीर्ष खोडले. माझ्या सबंध नोकरीत इतकी सरळ रेघ मी मारली नसेल. खाली तिकीट लिहिले आणि पेन्सिल अडली.

"जाण्यायेण्याचं धरू?"

पलीकडे नातवाने रडायला सुरुवात केली. ती त्याच्याशी काही बोलली, मग माझ्याशी बोलली. आवाज तोच, फक्त जरा दूर गेलेला. "जाण्यायेण्याचंच धरा. परतीचं मागाहून मिळत नाही."

ती आली तेव्हा खांद्यावरची पिशवी न उतरवताच दिवाणखान्याच्या दारात उभी राहिली.

"हे इथे?"

"सामान आहे," मी म्हणालो.

तिने आपली खुर्ची वीतभर मागे ओढली, बसून मोटारसायकलीकडे नीट पाहिले, आणि टाकीवर धूळ आहे एवढेच बोलली.

रविवारी भिंतीशी माणसांची रांग होती. बाकीच्यांची माणसे धिप्पाड, टोप्या घातलेली, च्युइंगम चघळणारी. त्यांच्या मध्ये माझी पत्नी, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात पाटी. फरशीवाल्याने तिला समजावले होते, की पाटीवर फक्त फेरीचा आकडा लिहायचा. पहिल्या फेरीला मी समोरून गेलो तर पाटीवर लिहिले होते, 'हळू'. दुसऱ्या फेरीला त्याच शब्दाखाली रेघ होती. तिसऱ्या फेरीला पाटीवर आख्खे वाक्य होते: 'तो लाल हेल्मेटवाला पुढे गेला तर जाऊ द्या, त्याला सवय आहे.' भरधाव जाणाऱ्या स्वाराला एवढा मजकूर वाचता येत नाही, असे फरशीवाल्याचे म्हणणे पडले. मला तो पूर्ण वाचता आला. स्वल्पविरामासकट.

पुढच्या फेरीला, लांबच्या वळणावर, मोटारसायकल रस्ता सोडून गवतात शिरली. पडलो म्हणण्याइतकेही ते नाट्यपूर्ण नव्हते; दमलेल्या माणसाने कडेला बसावे तशी ती कलली, आणि तिच्याबरोबर मी. इंजिन बंद पडले. हेल्मेटच्या आत फक्त माझा श्वास होता. बाकीचे दूर गेले, त्यांचा आवाज विरला, आणि गवतावर ती शांतता पसरली, जी मला घरीच पाठ झाली होती. पण यावेळी तिच्यात काहीतरी वेगळे होते. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला, इथून न दिसणाऱ्या भिंतीशी, हा अजून आला नाही हे एका माणसाच्या लक्षात आले होते. मी गवतात थोडा अधिक वेळ बसून राहिलो. एखाद्या मंजूर रकमेकडे पाहत बसावे तसा.

मग गाडी उभी केली. ती सुरू व्हायला तयार नव्हती; ढकलावी लागली, तेव्हा कुठे वाटेत मनात आल्यासारखी सुरू झाली. मी शेवटच्या रेषेशी पोहोचलो तेव्हा शर्यत संपून बक्षिसेही वाटून झाली होती. टोप्यावाले पाट्या गाडीत भरत होते. फरशीवाला तिला काहीतरी समजावत होता आणि ती ऐकत नव्हती. भिंतीशी ती एकटीच उरली होती, छत्री मिटलेली, पाटी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. पाटीवर एकच शब्द होता.

'आलात?'

मी मान हलवली. हेल्मेटमधून ती कितपत दिसली असेल कोण जाणे.

"गुडघा दाखवा," ती म्हणाली. आणि मग, "पोशाख चांगल्यातला घेतलात ते बरं झालं."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना उत्तर सादर केले: 'सदर शीर्ष वगळण्यात आले आहे, सबब आवश्यकता स्पष्ट करण्याची आवश्यकता उरलेली नाही.' कात्रीसाहेबांनी ते दोनदा वाचले आणि काही न कापता सही केली. शाखेत यावर बराच काळ चर्चा झाली.

संध्याकाळी घरी आलो तर पत्नीने तो मूळ कागद मागितला. खुर्चीत बसून, चष्मा लावून, माझी पेन्सिल घेऊन ती पुन्हा वरपासून खाली आली. पेट्रोल कमी केले, कारण माझ्या वेगाला इतके लागणार नाही. टेंपो ठेवला. त्याखाली मांडलेल्या पाचही उरलेल्या रविवारांसमोर तिने एकेक टिंब दिले. त्याचा अर्थ मी विचारला नाही. मग पेन्सिल परतीच्या तिकिटाशी येऊन थांबली. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. आमच्याही खिडकीबाहेर पाण्याची टाकीच आहे.

"हे राहू दे सध्या," ती म्हणाली. पेन्सिल माझ्या हातात देऊन उठली. आतून विचारले, "गॅस बंद केला होतात ना सकाळी?"

"केला होता," मी म्हणालो.

फ्रिजची घरघर थांबली. आत कोणीतरी ताटल्या लावत होते.

ते तिकीट कागदावर आहे. कापलेले नाही, खर्चही पडलेले नाही. आयुष्यभर मी अखर्चित तरतुदीला घाबरत आलो; तिच्यापायी टाचण्यांचे डोंगर रचले. त्या संध्याकाळी मात्र, पेन्सिल हातात तशीच धरून, वर्षाखेरीस तो एक डाग आपल्या कपाळी लागावा, अशी मी मनोमन मागणी केली. जितकी हवी तितकीच केली. फुगवली नाही.